सालोमीबाईंचं तिकीट

१ ऑक्टोबर १९६१, रविवार, सकाळी साधारण साडेदहा. ख्रिस्ती मंडळीची उपासना नुकतीच संपली होती आणि लोक पायरीवर चपला शोधत होते. मंडळीचे चिटणीस दारात उभे राहून पुढच्या तीन महिन्यांची सभासदाची तिकिटं वाटत होते. सालोमीबाईंची पाळी आली तेव्हा चिटणिसांनी आपला हात मागं घेतला आणि म्हणाले, "तुमचं नाव यादीत नाही आता." सालोमीबाईंचा हात थोडा वेळ तसाच पुढं राहिला. मग त्याच हातानं त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या घरी गेल्या. वय साठीच्या पुढं. कळायला लागल्यापासून त्या याच मंडळीत आहेत.

अन्याय झाला तो हा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्याच नको म्हणाल्या: "गावाची काहून बदनामी, पोरी? गावानं थोडीच केलं." चांदूर रेल्वे आणि धामणगाव यांच्या मधलं एक स्टेशन, एवढं पुरे. कोणी केलं ते ओघात येईल. त्यातलं एक नाव लिहिणं मला जड जाणार आहे, म्हणून ते उशिरा येईल.

मी नगरची. शाळेत शिकवते आणि आमच्या युवक संघाची पत्रकं लिहिते. नाताळच्या आधी संघाकडं वऱ्हाडातून एक कार्ड आलं: आमच्या मंडळीचा इतिहास लिहून हवा आहे, जर्मन बोलणाऱ्या परदेशी माणसांनी ती स्थापली, जुनी माणसं आता थोडीच उरली, लिहिणारं कोणी पाठवा. संघानं मला पाठवलं. निघाले तेव्हा हुशारीत होते. परतले ती अशी, की आठ दिवस झाले तरी ट्रंक उघडलेली नाही.

अकोला, बुधवार, ३ जानेवारी

अकोल्याला उतरलं की पहिल्यांदा नाकाला कळतं. हवेत रुईचे तंतू. जिनिंग कारखान्याच्या फाटकापासून कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, बैल सोडलेले, गाडीवान गाडीखाली झोपलेले. आमच्याकडं गाडी अशी थांबली तर माणसं भांडायला उठतील. इथं कोणाला घाई नव्हती. संध्याकाळपर्यंत माझ्या पापण्यांवर, वेणीत, चहाच्या कपात, सगळीकडं कापूस होता, आणि घसा जो बसला तो अजून बसलेलाच आहे.

कार्डात एका माणसाचा पत्ता होता: रहेमानचाचा, जिनातले जुने फिटर, वय ऐंशीच्या घरात. मला वाटलं होतं, ख्रिस्ती मंडळीचा इतिहास म्हणजे ख्रिस्ती माणूस भेटेल. चाचा अंगणात बाजेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

"बसा बाई. नगरहून आल्या? मंग तर तुमीच सांगा. आमचे साहेब तुमच्या गावी नेले होते."

मला काही कळेना. मग हळूहळू उलगडलं. या शतकाच्या सुरुवातीला, मला पुढं जायचं होतं त्या स्टेशनच्या गावी, कापसातली सरकी काढायचे रेचे आणि गठाणी बांधायचे प्रेस उभारायला जी माणसं आली, त्यांत चार घरं जर्मन बोलणारी होती. दोन जर्मनीतली, दोन स्वित्झर्लंडची. पंथानं मेथडिस्ट. इंग्रजांच्या देवळात यांना परकं वाटे, म्हणून रविवारी जिन बंद असताना सरकीच्या कोठारात हे लोक जमायचे. वजनकाट्याची साखळी वर गुंडाळायची, पोती भिंतीला लावायची आणि गायचं. पोरगेले चाचा तेव्हा तिथंच वडिलांच्या हाताखाली यंत्रांना तेल घालत.

"साहेब मोठा कडक. बायबल बी वाचे आन् बॉयलरले शिव्या बी देये, दोनी एकाच भाषेत. आमाले फरक समजे नाही. आवाज चढला की आमी टोपी काढून उभे."

त्या लोकांचा एक पेला होता, दोन कानांचा चिनी मातीचा. प्रेमभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून खायच्या उपासनेच्या दिवशी तो हातोहात फिरे. एक कान एकाच्या हातात, दुसरा शेजाऱ्याच्या. तो फुटला. मग चाचांच्या वडिलांनी पितळेचा घडवून दिला आणि त्याला दोन कान डाखले. "त्यायच्या देवळात अजून हाये तो. माह्या बापाच्या हातचा हाये. पाहून घेजा."

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि शत्रूची रयत म्हणून पुरुषांना धरून नेलं, जर्मन बोलतात म्हणून स्विसांनाही, ते आमच्या नगरच्या छावणीत. मी त्या छावणीच्या भिंतीशेजारून रोज शाळेत जाते. आत कोण होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

"मडम लोक निघाले तवा कोठाराची चाबी कोनाले द्याव? सगळे मागं सरले. पोलिसाचं भेव. मार्थानं घेतली. रेच्यावर कापूस टाकनारी रेजा होती ती, मजूरबाई. तिची पोरगी हाये ना अजून, सालोमी? तिले इचारा. मले काय, मी तेलवाला."

निघताना त्यांनी मुठीत सुपारी ठेवली. मी खात नाही. पण रुमालात बांधून घेतली.

स्टेशनचं गाव, शुक्रवार

चिटणीस दावीदराव स्वतः गाडीवर आले होते. निवृत्त मास्तर, धोतर, कोट, कानाला लोकरी मफलर. मी मनात त्यांची जी प्रतिमा आता ठेवून आहे ती वाईट माणसाची नाही, हे आधीच सांगते. त्यांच्या घरी तुरीच्या सोल्यांची आमटी आणि जवारीची भाकर खाल्ली. आमटी इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं, तर त्यांची बायको म्हणाली, "पुन्याकडचे लोक असेच." मी पुण्याकडची नाही म्हटलं. "रेल्वेच्या पलीकडचं सगळं पुनाच," त्या म्हणाल्या.

जेवणानंतर त्यांनी पत्र्याची पेटी काढली. तीत रविवारी वाटायची तिकिटं होती. हा प्रकार मला नवा. आमच्या नगराकडं मंडळ्या पुष्कळ, पण तिकीट नाही. मेथडिस्टांची जुनी रीत अशी की दहा-बारा जणांचा एक वर्ग, त्याला एक पुढारी, आणि दर तिमाहीला प्रत्येक सभासदाला एक छोटं तिकीट, वर बायबलातलं एक वचन. ते हातात असेल त्यानंच प्रेमभोजनाला बसायचं. दुसरीकडं ही रीत कधीच सुटली. इथं सुटली नाही, कारण सुटली आहे असं यांना कुणी कळवलंच नाही.

दावीदराव पट्टीनं आखून पुठ्ठा कापत होते. वचन सुवाच्य अक्षरात, खाली नाव. शेवटी प्रत्येक तिकिटाच्या वरच्या कोपऱ्यात गठाण शिवायच्या दाभणानं एक भोक.

"भोक कशाला?"

"पहिल्यापासून आहे. मले वाटते दोऱ्यात ओवायसाठी असंल." पण दोऱ्यात ओवलेलं एकही तिकीट तिथं नव्हतं.

मी सालोमीबाईंना भेटायचं म्हटलं. त्यांचा हात थांबला. "त्या आता मंडळीत नाहीत." मग सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. सालोमीबाईंचा नवरा ख्रिस्ती झाला नव्हता. तो गेला. मुलगा यशवंत छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. घरात बुद्धाची तसबीर लागली. गेल्या पावसाळ्यात नातवाच्या बारशाला सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं, आणि सालोमीबाईंनीही हात जोडले. मंडळीतल्या दोघांनी पाहिलं.

"हात जोडले म्हणून?" माझा आवाज चढला. मी तिथल्या तिथं त्यांना सुनावलं. सुनावायला मी शिकलेली आहे.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, साहेब गेले, मिशन नाही, पगारी पाळक नाही. आमच्याजवळ हे तिकीट तेवढं राहिलं. छप्पन साली दर रविवारी एक घर कमी व्हायचं. कुणाले धराव, कुणाले सोडाव, मी मास्तर माणूस, मले काय समजते. अन् मंग दोन वर्सांमागं तुमच्या नगरच्या संघाचं एक पत्रक हाती आलं. देवानं धाडल्यासारखं. त्याच्यावरून नियम केला."

आमची पत्रकं इतक्या लांब पोचतात हे ऐकून मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

शनिवार

सालोमीबाईंचं घर स्टेशनामागं, दोन खोल्यांचं. दारात शेवग्याचं झाड. त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि दर चार शेंगांनी खोकत होत्या. छातीतून येणारा, खोल.

"रुई भरली हाये आत," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं रेच्यावर होती मी. मायबी अशीच गेली. बस पोरी, उभी काहून?"

भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फळीवर बायबल. दोन्हींवर धूळ नव्हती.

त्यांनी ज्वारीच्या कोठीत हात घातला, पार कोपरापर्यंत, आणि तळातून एक डबी काढली. डबीत तिकिटं. वरची दावीदरावांच्या अक्षरातली. खालची जर्मन छापाची, पिवळी पडलेली. मधली मात्र निराळीच: गठाणीवर लावायच्या पुठ्ठ्याचे तुकडे, वर एक अक्षर नाही, फक्त भोकं. कशाला एक, कशाला दोन, कशाला चार.

"साहेब लोक गेले तवा पोलीस आला. जर्मन लिवलेलं जे हाये ते काढा म्हने. लोकायनं आपापले तिकिटं चुलीत टाकले. मायनं सगळ्यायच्या घरी जाऊन, जे उरले ते आनले अन् कोठीत घातले. तीन महिने झाले, मंग नवे तिकिटं कोन देईन? मायले लिवता येत नव्हतं. तिनं जिनातला पुठ्ठा कापला अन् दाभनानं भोकं पाडले. एक भोक म्हनजे इठोबाचं घर, दोन म्हनजे भागीचं, चार म्हनजे आमचं. पाच वर्सं असंच चाललं. मंग लिवनारे आले. तरी त्यायनं एक भोक ठेवलं."

म्हणजे दावीदराव आजही ज्या तिकिटाला भोक पाडतात, ती मार्थाबाईंची सही. ती सही सगळ्यांच्या तिकिटावर होती आणि त्यांच्या लेकीच्या हाती तिकीट नव्हतं.

"तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं. पत्रकात घालायला म्हणून विचारलं.

"मले काय पाह्यजे? इथचा रिवाज हाये, मानूस मेलं की त्याचे तिकिटं त्याच्या हाताखाली ठेवतेत. अन् चालू तिमाहीचं असंल तरच आपल्या मसनवटीत जागा. माय तथी हाये, जिनाच्या भिंतीजवय. तिच्या बाजूले एक जागा मी वीस वर्सांपासून झाडून ठेवली. डाक्तर म्हनते, उन्हाळा निंगला तर निंगला."

एवढ्यात यशवंत ड्यूटीवरून आला. स्टेशनात पॉइंट्समन आहे. मला पाहून हातातला कंदील खाली ठेवला नाही.

"आल्या का आनखी एक? आता काय कापाचं राहिलं?"

"गप रे. पाहुनी हाये."

"पाहुनी हाये तर सांग तिले. मी मायले म्हनलं, सोड त्यायले. आमच्यात ये, आमी कोनाले तिकीट मागत नाही. तर म्हनते, मले मायजवय गाड. मी मधात उभा. ना तिले इकडं आनता येत, ना तिकडं धाडता येत."

सालोमीबाई उठल्या आणि बायबलातून चार पानांचं एक पत्रक काढून माझ्यासमोर धरलं. "हे पुढच्या रविवारी देवळात वाचलं, मी नव्हती. मंग मी मागून घेतलं, पन मले वाचता येत नाही. याले वाचाले सांगतलं तर हा फाडाले निंगाला. तू वाच. काय लिवलं हाये माह्याबद्दल, मले आयकाचं हाये."

मी हातात घेतलं. 'एक पाय आत, एक पाय बाहेर.' नगर, युवक संघ. लेखकाचं नाव नाही, कारण आम्ही कधी नाव घालत नाही. ते मी लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी, माझ्या काकाच्या ख्रिस्ती घरात फडताळात खंडोबाचा टाक सापडला त्या रागात, एका बैठकीत.

मी वाचलं. दुसरं काय करणार होते? "अशा दुटप्पी माणसांची कीव करू नका. यादी म्हणजे धर्मशाळा नव्हे. नावावर काट मारा आणि दार लावून घ्या." तेव्हा हे वाक्य मला फार आवडलं होतं. घसा बसलेला, त्यात प्रत्येक वाक्याचा शेवट मला आधीच पाठ.

वाचून झाल्यावर सांगितलं, हे माझं आहे. यशवंतनं कंदील खाली ठेवला आणि बाहेर गेला.

सालोमीबाई पुन्हा शेंगांपाशी बसल्या. मग म्हणाल्या, "तू लिवलं, मंग तुलेच माहीत असंल. माहं देऊळ आत, माहं पोरगं बाहेर. दुसरा पाय काय कापून ठेवू?"

रविवार, ७ जानेवारी

देऊळ म्हणजे तेच कोठार. आढ्याला काट्याची कडी अजून आहे आणि कोपऱ्यात इतक्या वर्षांची रुई लोंबते. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. प्रेमभोजनाला त्या लोकांचा गोड पाव असे; तो करणारी मडम गेली, तेव्हापासून रोडगे. शेणींच्या निखाऱ्यात भाजलेले, वर राख, आत वाफ. वऱ्हाडात हे रोडगे शेतातल्या मारुतीला नवस फेडताना करतात हे मला गावात शिरतानाच कळलं होतं. इथं त्याचं कुणाला काही वाटत नाही, आणि वाटूही नये.

मला पाहुणी म्हणून तिकीट मिळालं. पितळी पेला फिरत आला. चाचांच्या बापाचं काम. डाख अजून घट्ट. प्रेमभोजनात कुणीही उठून बोलू शकतं, म्हणून मी उठले. पत्रक माझं आहे, ते चूक आहे, मी ते परत घेते, असं म्हटलं. मग तिकिटातल्या भोकाची हकीकत सांगितली. माणसं आपापलं तिकीट उजेडाकडं धरून पाहू लागली. मागच्या बाजूला एक म्हातारी रडली. मला वाटलं, झालं.

दावीदराव उठले. त्यांनीही आपलं तिकीट उजेडाकडं धरून पाहिलं. "भोकाचं मले माहीत नव्हतं. हे चुकलं माहं. पन बाई, छापलेलं परत कसं घेता तुमी? बोललेलं मानूस इसरते. हे कागद घरोघरी हायेत. उद्या दुसऱ्या कुनाचं नाव ठेवलं तर लोक हाच कागद मले दाखवतीन. तो गावोगावचा परत आना. यादी एक एप्रिलले पुन्हा लिवतो, त्याच्या आधी आना. मंग मी माह्या हातानं त्यायचं नाव घालतो."

"आणि तोवर त्या गेल्या तर?"

ते खाली बसले.

दुपारी मी माझं तिकीट सालोमीबाईंकडं नेलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, भोकावरून अंगठा फिरवला आणि परत दिलं. "याच्यावर तुहं नाव हाये, पोरी. दुसऱ्याच्या तिकिटावर मायजवय कशी जाऊ? ती दारातच धरीन मले." आणि हसता हसता खोकल्या.

अमरावती, सोमवार

अमरावतीत एक वडीलधारे पाळक आहेत, त्यांचा शब्द त्या भागात चालतो असं ऐकलं होतं. अडीच तास व्हरांड्यात बसले. संत्र्यांचा हंगाम, समोरच्या रस्त्यानं गाड्या भरभरून जात होत्या आणि सगळ्या गावाला सालीचा वास होता. त्यांनी चहा दिला, संत्री दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांचा नियम त्यांच्यापाशी. तुम्ही तरुण आहात." एरवी मी यावर चार पानं लिहिली असती. बडनेऱ्याला येऊन गाडीत बसले आणि भुसावळपर्यंत झोपले.

इतिहास लिहून झालाय. फार मोठा नाही. चार घरं आली, कोठारात गायली, नगरच्या भिंतीआड गेली. त्यांचा पंथ एका अडाणी मजूरबाईनं दाभणानं टिकवला. तिच्या लेकीला दाराबाहेर काढलं ते जर्मनांनी नाही, पोलिसांनी नाही. चिटणिसांनी काढलं, आणि त्यांच्या हातात कागद माझा होता.

आता तुम्ही, हे पत्रक वाचणारे. त्या पत्रकाच्या आम्ही पाचशे प्रती काढल्या आणि त्या तुम्हीच नेल्या. तुमच्यातल्या कित्येकांनी मला रस्त्यात थांबवून शाबासकी दिली. ती प्रत तुमच्या बायबलात असेल, फडताळात असेल, डब्याखाली घातलेली असेल. ती शोधा. तुमच्या मंडळीत तिच्यावरून कुणाचं नाव कापलं असेल, तर त्याच्या घरी आधी जा आणि ते नाव पुन्हा लिहा. मग प्रत माझ्याकडं पाठवा. पत्ता मागच्या पानावर आहे तोच. मी त्या घेऊन मार्चअखेर पुन्हा वऱ्हाडात जाणार आहे. फाडू नका, जाळू नका. दावीदरावांना मोजून दाखवायच्या आहेत. आजच पाठवा. सालोमीबाई खोकतात.